लेखनिक

माझं काम ऐकायचं नि लिहायचं.
गोहणे मॅडमनी कागद दोनदा वाचून दाखवला होता:
लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा,
त्यानं सुचवू नये, सुधारू नये,
मानही हलवू नये.

म्हणून अकरावीतली मी
बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या शालिक कुमरेसमोर बसले,
खेळाच्या सामानाच्या खोलीत.
बोलून पेपर सोडवणाऱ्यासाठी
कॉलेजात दुसरी खोली नव्हती.
भाल्यांचा गठ्ठा, हवा गेलेले फुटबॉल,
मैदान आखायच्या चुन्याची पोती.
घाटंजीचा एप्रिल.
कूलर होता, पण मॅडमनी बंद करवला,
त्याच्या घरघरीत शालिकचे शब्द निसटतात म्हणून.
घामानं निथळत होतो तिघंही:
तो, मी, आणि घड्याळाकडे पाहणारे भोंगाडे सर.

शालिकचे डोळे चांगले आहेत.
तीच तर अडचण.
तुरीच्या ओळीत दडलेला तितर त्याला लांबून दिसतो,
पण छापील ओळीतली अक्षरं म्हणजे
बैलबाजारात दावं तोडलेली गुरं,
एक धरावं तर दुसरं सुटतं.
आधी त्याला आळशी म्हणाले,
मग ढ,
मग कोणी काही म्हणेनासंच झालं.
यवतमाळच्या डॉक्टरनं टॉर्च मारला,
म्हणाला, काहीच तर झालेलं नाही.
नागपूरच्या तीन खेपा, मॅडमच्या तीन रजा,
तेव्हा कुठे एक शिक्का मिळाला
आणि तासामागे वीस मिनिटं.
भोंगाडे सरांना ती वीस मिनिटं अजून पटलेली नाहीत.

प्रश्न तिसरा. काळ्या मृदेची वैशिष्ट्ये.
त्यानं डोळे मिटले.
"काळी माती उन्हाळ्यात फाटते.
इतकी का भेगीत हात घातला
त कोपरापर्यंत जाते. आतमंदी थंड लागते.
वरची माती तिच्याच पोटात पडते,
म्हणून ते सोताच सोताले नांगरते."

मी लिहिलं: काळ्या मृदेस उन्हाळ्यात भेगा पडतात.
स्वच्छ. गाइडमधल्यासारखं.

"वाच," तो म्हणाला.
वाचलं.
बराच वेळ तो चुन्याच्या पोत्यांकडे बघत राहिला.
"माहा हात कुठी गेला वं?"

खोडलं मी.
पुन्हा लिहिला तो हात, ते कोपर, तो थंडावा,
'सोताच सोताले'सुद्धा.

"याले एक नाव हाये पुस्तकात," तो म्हणाला,
आणि थांबला.
दोन मिनिटं. तीन.
नाव मला माहीत होतं.
पेनच्या टोकाशी शाई जमावी तसं ते जमलं होतं
आणि मला सांडू द्यायचं नव्हतं.
भोंगाडे सर उठून खिडकीशी गेले.
"जाऊ दे. पुढचा वाच."

घंटा झाली. बाकीची पोरं सायकली काढून गेलीसुद्धा.
आमचा एक तास उरला होता.

शेवटी सही मात्र त्याची त्यालाच करायची.
आधी काना काढला,
मग त्याला टेकून श आणायला गेला
तर श भलत्याच बाजूला तोंड करून उभा.
सरांनी तोंड उघडलं,
मग एक फुटबॉल उचलला
आणि अंगठ्यानं दाबत बसले,
सही पुरी होईस्तोवर.

मॅडमनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून
दीडशे रुपये दिले. पावती नाही.
स्टँडवर शालिक म्हणाला, "थे पारव्याची."
पाटी न वाचताच;
डाव्या दिव्याला तार बांधलेली गाडी तो ओळखतो.

आता नियम संपला होता. मी म्हटलं,
"त्याला स्व-नांगरणी म्हणतात."

पायरीवर एक पाय ठेवून तो हसला.
"मंग म्या काय सांगलं होतं?"
आणि कंडक्टरनं दार ओढता ओढता,
"सोमवारी अर्थशास्त्र. येजो वं."